व्यापाऱ्यांना शहराचा विकास आराखडा नकोच असतो का?

तुम्ही विचारलंय की विकास आराखडा आला की व्यापारी विरोधात का उभे राहतात, त्यांना शहर वाढायला नकोच असतं का. त्या 'नकोच'साठी लिहायला बसलोय.

आमचं हार्डवेअर आणि रंगाचं दुकान आहे. शहराचं नाव लिहीत नाही. जुन्या पेठेतला पागडीचा गाळा, म्हणजे आधी एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेला, बावीस फूट खोल. ऐंशीच्या दशकातल्या आराखड्यात समोरचा बारा मीटरचा रस्ता अठरा मीटरचा दाखवला, दोन्ही बाजूंनी तीन-तीन मीटर. म्हणजे आमचे जवळजवळ दहा फूट जाणार. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, भाग नकाशा, म्हणजे आराखड्यातल्या आपल्या जागेपुरत्या तुकड्याची प्रत, काढून आणला, टेप धरला आणि दुकानाच्या फरशीवर खडूने रेघ मारली. १९९१ साली फर्निचर नवीन केलं तेव्हा काउंटर, गल्ला, रॅक सगळं त्या रेघेच्या मागे घेतलं. पुढच्या दहा फुटांत फक्त रात्री आत ओढता येईल असा माल : घमेली, पाइप, शिड्या. "रस्ता होणारच आहे, तेव्हा धावपळ नको," म्हणायचे.

तो रस्ता आजवर झालेला नाही.

मधल्या काळात काय झालं ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. छत गळायला लागलं. स्लॅब टाकायची परवानगी मागितली तर जागा रस्तारुंदीत आहे, फक्त किरकोळ दुरुस्ती करा. कर्ज मागितलं तर बँकेने भाग नकाशा बघून फाइल परत दिली. नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा घेतली नाही तर नोटीस देऊन आरक्षण उठवून मागता येतं, पण जागामालक सही करायला तयार नव्हता. त्याचा हिशोब सरळ होता. रस्त्यात जागा गेली तर टीडीआर, म्हणजे त्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मालकाला मिळतो. पागडीवाल्याला काय? दुकान लहान होतं, एवढंच.

माझे थोरले चुलतभाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणतो, त्यांचं दुकान चार गाळे सोडून. त्यांनी त्याच वर्षांत पायरीच्याही पुढे दोन फूट ओटा काढला, वर पत्रा टाकला. दर दिवाळीला घरी बसलं की अप्पांना म्हणायचे, "काका, तुम्ही नकाशावर दुकान चालवता, मी रस्त्यावर चालवतो." सगळे हसायचे. अप्पा काही बोलायचे नाहीत.

पुढे सुधारित आराखड्याचं प्रारूप, म्हणजे मसुदा, प्रसिद्ध झालं. नकाशा बघायला गेलो तर रेघ सरकलेली. आमच्या बाजूने साडेचार मीटर, समोरच्या बाजूने फक्त दीड. आमच्याकडे सात फूट उरणार होते. समोरच्या रांगेत आमच्या व्यापारी संघटनेच्या दोन पदाधिकाऱ्यांची दुकानं होती आणि संघटनेने त्यावर एक चकार शब्द काढला नाही. दादा म्हणाले हरकत घेऊ नकोस, नाव डोळ्यावर येतं, आपण माणूस गाठू. मी ऐकलं नाही. पैसे भरून तातडीची मोजणी करून घेतली, दोन्ही रांगांची प्रॉपर्टी कार्डं काढली आणि अप्पांचा तो जुना भाग नकाशा जोडून मुदतीत हरकत दिली. सुनावणीला मला तीन मिनिटं मिळाली. मंजूर नकाशात रेघ पुन्हा तीन-तीन मीटरवर आली. त्यात दादांचंही दुकान वाचलं.

तर व्यापाऱ्यांचं मत. व्यापारी हा एक माणूस नाही. बिल्डरला एफएसआय, म्हणजे तेवढ्याच जागेवर जास्त बांधकाम, हवा असतो, घाऊकवाल्याला ट्रक वळेल असा रस्ता आणि गोदाम, माझ्यासारख्याला दारासमोरची वर्दळ. पण नियम आहे म्हणून कुणाचा धंदा बसत नाही, नियम कधी लागू होणार ते कळत नाही म्हणून बसतो. पुण्याचंच बघा. १९८७ च्या आराखड्यानंतर जुन्या हद्दीचं सुधारित प्रारूप २०१३ मध्ये आलं, त्यावर ऐंशी हजारांच्या वर हरकती-सूचना आल्या, २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा स्वतःकडे घेतला आणि मंजुरी आली २०१७ च्या जानेवारीत. तीस वर्षं. कायदा वीस वर्षांनी सुधारणा करा म्हणतो. तीस वर्षांत दुकानाची एक अख्खी पिढी निघून जाते.

चांगलं झालं तेही मान्य करतो. २०२० च्या डिसेंबरपासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर एकच एकत्रित बांधकाम नियमावली लागू झाली. आधी प्रत्येक गावाचं पुस्तक वेगळं होतं. आता सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, किती, पार्किंग किती, हे मला माझं मलाच वाचून कळतं. त्या दिवसापासून 'माणूस गाठायची' गरज निम्मी झाली असं माझं मत आहे.

हे सगळं मी रस्त्याबद्दल बोलतोय. शाळेचं, बागेचं आरक्षण उठवा म्हणून जे व्यापारी निवेदनं घेऊन फिरतात त्यांच्या बाजूने मी नाही, ते सरळ गावाच्या पोरांचं ओरबाडणं आहे. पार्किंग माफ करा ही मागणीही चुकीची, आमच्याच गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नाही. आणि माझी हरकत मान्य झाली म्हणून प्रत्येकाची होईल असं नाही, रेघ दोन्ही बाजूंना सारखी नव्हती हे मला कागदावर दाखवता आलं म्हणून झाली.

तुमचं स्वतःचं दुकान असेल तर आजच भाग नकाशा काढा, शिक्क्यासह. प्रारूप आलं की हरकतीला तीस दिवस असतात, साध्या मोजणीला त्याहून जास्त लागतात, म्हणून मोजणी आधीच करून ठेवा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आणि घरात कुणी आराखडा वाचून, टेप लावून, रेघेमागे बसत असेल तर त्याला हसू नका. सुनावणीत समितीने सगळ्यात आधी हातात घेतला तो अप्पांचाच नकाशा होता. दादांना हे मी दोनदा सांगितलंय. ते अजून म्हणतात, रेघ आपोआपच बदलली असती.