त्याला टोचते म्हणजे खरेच टोचते

इंद्रियांकडून येणारी माहिती मेंदू कशी स्वीकारतो, त्यातले काय गाळतो आणि काय ठेवतो, यात माणसामाणसांत फरक असतो. बहुतेकांना तो जाणवतही नाही. काहींचा मात्र सगळा दिवस त्या फरकाभोवती फिरतो. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. मानेमागचे लेबल कापल्याशिवाय तो शर्ट घालत नाही, केस कापायचे म्हटले की आकांत करतो आणि सार्वजनिक स्वच्छतागृहात हात सुकवण्याचे यंत्र सुरू झाले की कानांवर हात ठेवून बाहेर पळतो. हाच मुलगा सोफ्यावरून उड्या मारतो, अंग आपटून घेतो, तेव्हा मात्र त्याला काहीच वाटत नाही. घरातली माणसे म्हणतात की तो लाडावला आहे, जबरदस्तीने सवय लावली की सुटेल. तशी सवय लावावी का? की थेरपी सुरू करावी?

उत्तर : तुम्हाला विसंगत वाटणाऱ्या या दोन गोष्टी एकाच मुलात असणे अगदी नेहमीचे आहे. आपण पाच इंद्रिये मोजतो, पण अंतर्कर्णातून मिळणारी तोलाची जाणीव, स्नायू आणि सांध्यांकडून मिळणारी शरीराच्या स्थितीची जाणीव आणि भूक, लघवी, धडधड अशी शरीराच्या आतली जाणीव, याही संवेदनाच आहेत. जीन एअर्स या अमेरिकी ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठी मदत करणाऱ्या तज्ज्ञाने) १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या सगळ्या संवेदनांच्या एकत्रीकरणाचा विचार मांडला, आणि पुढे १९९७ साली विनी डन यांनी दाखवून दिले की संवेदना जाणवण्याचा उंबरठा, म्हणजे ती किती तीव्र झाल्यावर जाणवते, तो कमी की जास्त, आणि त्यावर माणूस निमूट राहतो की काही कृती करतो, या दोन गोष्टींवरून वेगवेगळे नमुने दिसतात. तुमच्या मुलाचा हलक्या स्पर्शाचा आणि आवाजाचा उंबरठा कमी असावा, तर हालचाल आणि खोल दाब यांचा जास्त असावा. म्हणून एकीकडे तो पळतो आणि दुसरीकडे त्याला ते पुन्हा पुन्हा हवे असते.

हट्ट आणि असह्य होणे यांतला फरक घरच्यांनाही ओळखता येतो. हट्टाला प्रेक्षक लागतो आणि हवी ती गोष्ट मिळाली की तो थांबतो. संवेदनांचा मारा असह्य झालेल्या मुलाला समोर कोण आहे याचे भान नसते. कारण दूर झाल्यावरही त्याला शांत व्हायला वेळ लागतो आणि नंतर तो थकून जातो. त्या यंत्राबद्दल तर मी मुलाच्याच बाजूने आहे, कारण अशा काही यंत्रांचा आवाज मुलांच्या कानांच्या उंचीवर १०० डेसिबलच्याही वर जातो असे मोजमापांत आढळले आहे. तिथे हात रुमालाला पुसावेत आणि विषय संपवावा. लेबलांचेही तेच. ती कापून टाकल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

केस कापणे मात्र टाळता येत नाही, म्हणून त्यावर मेहनत घेणे योग्य. जबरदस्तीने धरून कापल्याने सवय होत नाही, उलट पुढच्या वेळची भीती आधीपासूनच सुरू होते. मुलाच्या हाती नियंत्रण असेल, तरच तो हळूहळू सरावतो. आधी दोन्ही तळहातांनी त्याचे डोके आणि खांदे घट्ट पण हळुवार दाबावेत, कारण खोल दाबाने बऱ्याच मुलांना शांत वाटते आणि पिसासारखा हलका स्पर्श मात्र नकोसा होतो. गुणगुणणाऱ्या यंत्राऐवजी कात्री वापरावी. त्याने हात वर केला की कात्री थांबेल असे ठरवावे आणि तो शब्द खरोखर पाळावा. एकदा जरी ‘आता एवढेच’ म्हणून पुढे कापले, तरी महिन्यांची मेहनत वाया जाते. मानेत शिरलेले बारीक केस हा अनेकदा सगळ्यात मोठा त्रास असतो, म्हणून दुसरा शर्ट सोबत ठेवावा. एका बैठकीत अर्धेच केस कापून झाले तरी चालेल.

थेरपीबद्दल मला सावधपणे लिहावे लागेल. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या निदानसूचीत संवेदनांना कमी किंवा अधिक प्रतिसाद देणे हे स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) लक्षणांत धरले आहे, पण ‘संवेदन-प्रक्रिया विकार’ असे स्वतंत्र निदान तीत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१२ साली असे स्वतंत्र निदान साधारणपणे करू नये, अशी भूमिका घेतली होती. एअर्स यांच्या विचारावर आधारलेल्या, खेळ आणि हालचालींतून संवेदनांचा सराव देणाऱ्या संवेदन-एकत्रीकरण थेरपीचे पुरावे संमिश्र आहेत. काही लहान चाचण्यांत मुलांची ठरवलेली उद्दिष्टे साधली; मात्र ब्रिटनमध्ये संवेदनांच्या अडचणी असलेल्या १३८ स्वमग्न मुलांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या मदतीपेक्षा या थेरपीचा वेगळा फायदा दिसला नाही. याचा अर्थ ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जाऊ नये असा मी काढत नाही. जावे, पण ‘मेंदूची नव्याने जडणघडण’ असल्या आश्वासनांवर पैसे खर्च करू नयेत. केस शांतपणे कापून घेणे, शाळेच्या कपड्यांत दिवसभर राहणे, अशी रोजच्या जगण्यातली एक-दोन उद्दिष्टे ठरवून, काही आठवड्यांनी प्रगती तपासणारा आणि घरच्यांना शिकवणारा थेरपिस्ट शोधावा. बोलणे, इतरांत मिसळणे किंवा लक्ष लागणे याविषयीही शंका असेल, तर बालविकासतज्ज्ञांची भेट आधी घ्यावी.

प्रश्न : आमचे बाळ दहा महिन्यांचे आहे आणि रात्री वारंवार जागे होते. वजनदार पांघरुणाने झोप शांत लागते असे ऐकले आहे. ते घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. बाळांसाठी वजनदार पांघरूण किंवा वजन घातलेली झोपेची पिशवी सुरक्षित नाही, आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ सालच्या सुरक्षित झोपेविषयीच्या सूचनांत त्यांचा वापर स्पष्टपणे नाकारला आहे. मोठ्या मुलांविषयी म्हणाल, तर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा पांघरुणाने स्वमग्न मुलांची झोप वाढली नाही, जरी ते मुलांना आणि पालकांना आवडले होते. ज्याला ते स्वतःच्या हाताने सहज दूर करता येते, त्यानेच ते वापरावे.

प्रश्न : मी एकोणतीस वर्षांची आहे. आमच्या कार्यालयात एका मोठ्या दालनात सगळे बसतात. फोन, गप्पा, डोक्यावरचे पांढरे दिवे, कोणाचे तरी तीव्र अत्तर, या सगळ्याने दुपारपर्यंत डोके बधिर होते. घरी आल्यावर कोणी बोललेलेही सहन होत नाही. लहानपणापासून मी अशीच आहे. वरिष्ठांना सांगितले तर ते मला नाजूक समजतील, ही भीती वाटते. निदान करून घेतल्याशिवाय काही मागता येईल का?

उत्तर : येईल. घरी आल्यावर बोलणे सहन न होणे हा तुमच्या स्वभावातला दोष नाही. दिवसभर साचलेल्या भाराचा तो परिणाम आहे. प्रत्येक त्रास वेगवेगळा पाहिला तर किरकोळ वाटतो, आणि म्हणूनच तो इतरांना सांगताना संकोच होतो, पण शरीर त्यांची बेरीज करत असते. त्यामुळे एखादी गोष्ट कमी झाली तरी बाकीच्या सोसणे शक्य होते. आधी आठवडाभर टिपण ठेवा आणि सर्वांत जास्त भार कशाचा ते शोधा. मग वरिष्ठांशी बोलताना त्रासापेक्षा कामापासून सुरुवात करा : भिंतीला पाठ असलेली कोपऱ्यातली जागा मिळाली, डोक्यावरचा एक दिवा बंद ठेवता आला, दुपारी पंधरा मिनिटे रिकाम्या खोलीत बसता आले, तर अमुक काम अधिक चांगले होईल, असे नेमके मागणे नाकारणे अवघड असते. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराने अशा वाजवी सोयींचे तत्त्व मान्य केले आहे. कायद्याचा आधार घ्यायचा असल्यास बहुधा वैद्यकीय कागद लागतात, पण साधी विनंती करायला ते लागत नाहीत.

आवाज रोखणारे हेडफोन जरूर वापरा, मात्र दिवसभर नको. कान सतत बंद ठेवले तर साधे आवाजही अधिक मोठे वाटू लागतात. गर्दीच्या तासांत ते लावावेत आणि शांत वेळी काढून ठेवावेत.

निदानाचा विचार करायचा तो स्वतःला समजून घेण्यासाठी. मोठेपणी स्वमग्नता किंवा अवधानाच्या अडचणी लक्षात आलेल्या अनेक स्त्रियांनी आपली ओळख पटल्याचा दिलासा मिळाल्याचे सांगितले आहे. तुमचा त्रास लहानपणापासूनचा आहे. पण ज्यांना तो अलीकडेच, विशेषतः डोक्याला मार लागल्यानंतर किंवा तीव्र डोकेदुखीसोबत सुरू झाला असेल, त्यांनी डॉक्टरांकडे जाण्यात उशीर करू नये.

प्रश्न : माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. श्रवणयंत्र आणले, पण ते काढून ठेवतात. आम्ही हळू बोललो तर त्यांना ऐकू येत नाही, जोरात बोललो तर ‘ओरडू नका’ म्हणून चिडतात. घरात पाहुणे आले की आपल्या खोलीत जाऊन बसतात. अंघोळ घालणाऱ्या मदतनिसाचा हात त्यांनी झिडकारला. पूर्वी ते अबोल होते, पण चिडखोर नव्हते.

उत्तर : वडील मुद्दाम तसे वागत नाहीत, हे आधी घरातल्या सगळ्यांना सांगा. वयोमानाने अंतर्कर्णातल्या पेशी क्षीण झाल्या की हळू आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज पूर्वीइतकेच, कधी त्याहून कर्कश लागतात. या दोहोंमधला सुखाने ऐकण्याचा पट्टा अरुंद होतो. त्यामुळे आवाज वाढवून उपयोग होत नाही. समोर बसावे, चेहऱ्यावर प्रकाश असावा, सावकाश बोलावे आणि एका वेळी एकानेच बोलावे. श्रवणयंत्रातील कमाल आवाजाची मर्यादा तज्ज्ञांकडून पुन्हा लावून घ्यावी आणि रोज थोडा वेळ, शांत खोलीत, यंत्राचा सराव करू द्यावा.

तुमच्या पत्रातला ‘अबोल होते’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. आयुष्यभर गोंगाट नकोसा असलेली माणसे स्वतःचे मार्ग शोधून ठेवतात : एकटे फिरायला जाणे, गर्दी व्हायच्या आत निघणे, ठरावीक कपडे वापरणे. त्या मार्गांमुळे त्यांचा त्रास इतरांना कधी दिसतच नाही. म्हातारपणी पाय थकतात, दिवसाचे वेळापत्रक दुसऱ्यांच्या हाती जाते आणि ते मार्ग एकेक करून बंद होतात. मग जे कधीचेच होते ते चिडचिडेपणा म्हणून बाहेर येते. तेव्हा पाहुणे आल्यावर खोलीत जाऊन बसणे त्यांना करू द्यावे, त्यातून ओढून बाहेर आणू नये. एकेका पाहुण्याने त्यांच्याकडे जाऊन बसावे.

अंघोळीच्या बाबतीत मदतनिसाला तीन गोष्टी शिकवाव्यात. मागून स्पर्श करू नये, पुढे काय करणार ते आधी सांगावे आणि हात ठेवला की तो स्थिर ठेवावा. वडिलांना स्वतः जे धुता येते ते त्यांनाच धुऊ द्यावे. चकाकणाऱ्या ओल्या फरशीवर तोल जाण्याची भीतीही रागासारखी दिसते, म्हणून तिथे धरायला दांडा आणि डोळ्यांवर न येणारा प्रकाश असावा.

चिडखोरपणा काही दिवसांतच अचानक वाढला असेल, किंवा गोंधळलेपणा, विसरभोळेपणा सोबत असेल, तर संसर्ग, औषधांचे परिणाम, कानात साचलेला मळ आणि स्मृतिभ्रंश यांची तपासणी आधी करून घ्यावी. भेटीला जाताना कोणत्या वेळी, कोणत्या आवाजाने किंवा स्पर्शाने ते चिडले याची नोंद सोबत न्यावी, आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न तुम्हाला न विचारता वडिलांनाच विचारावा अशी विनंती करावी.