मोझार्ट 'शास्त्रीय' की 'क्लासिकल'?

प्रश्न : पाश्चात्त्य संगीताच्या कालखंडांवर आमच्या गटाचा प्रकल्प आहे. 'क्लासिकल पीरियड'ला 'शास्त्रीय युग' म्हटलेलं चालेल का? तक्त्यावर आम्ही लिहिलंय : "बाख हे थोर शास्त्रीय संगीतकार होते. त्यांच्या मृत्यूनंतर शास्त्रीय युग सुरू झाले." गटातले दोघं म्हणतात, यातून काही कळत नाही.

उत्तर : त्या दोघांचं ऐका. एकाच शब्दाला दोन कामं लावल्यामुळे हा घोळ झालाय. इंग्रजीतही 'क्लासिकल' दोन अर्थांनी चालतो. सैल अर्थात मध्ययुगीन चर्चमधल्या गायनापासून विसाव्या शतकापर्यंतचं सगळं येतं. नेमका अर्थ साधारण 1750 ते 1820 एवढ्यापुरता : हायडन, मोझार्ट आणि बराचसा बेथोवन. बाख 1750 सालीच वारले, म्हणून पहिल्या अर्थाने ते क्लासिकल आणि दुसऱ्या अर्थाने नव्हेत. इंग्रजीत लिहिणारे बरेच जण कालखंडासाठी कॅपिटल 'सी' वापरून हे निभावून नेतात. देवनागरीत ती सोय नाही. आपल्याला शब्दच दोन घ्यावे लागतात.

त्यात 'शास्त्रीय' हा आधीच ओढाताण झालेला शब्द. 'शास्त्रीय कारण', 'शास्त्रीय दृष्टिकोन' यांत तो विज्ञानाचा असतो. 'शास्त्रीय संगीत' म्हटलं की मराठी कानाला तानपुरा ऐकू येतो. तिथे राग-तालाच्या शास्त्राला धरून असलेलं गाणं-वाजवणं अभिप्रेत आहे. 'क्लासिकल'मध्ये शास्त्राचा भाव मुळात नाहीच. लॅटिन 'क्लासिकुस' म्हणजे रोमन नागरिकांच्या वरच्या वर्गातला. दुसऱ्या शतकात ऑलुस गेलियुस या रोमन लेखकाने तो शब्द लेखकांना लावला : अव्वल दर्जाचा, ज्याचा दाखला द्यावा असा.

आता 'अभिजात' पाहा. मूळ अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला, तिथून पुढे उच्च दर्जाचा. दोन्ही शब्द कुळा-वर्गाच्या मोठेपणातून गुणाच्या मोठेपणाकडे आले. इतकी जुळणारी जोडी परिभाषेत क्वचित सापडते. शिवाय 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून वाटणी अशी करा : सैल अर्थाला 'पाश्चात्त्य अभिजात संगीत' आणि त्या सत्तर वर्षांना 'क्लासिकल कालखंड'. कालखंडाचं नाव भाषांतरित का करायचं नाही? कारण तक्त्यावर शेजारच्या चौकटींत आधीचा 'बरोक' आणि नंतरचा 'रोमँटिक' हे कालखंड तसेच राहणार आहेत. मधल्या एकालाच मराठी पोशाख चढवला तर तो वेगळ्याच रांगेतला वाटतो. 'युग'ही नको. सत्तर वर्षांना तो शब्द ढगळ होतो, 'कालखंड' किंवा नुसता 'काळ' पुरे. तुमची वाक्यं मग अशी होतील : "बाख हे पाश्चात्त्य अभिजात संगीतातले थोर रचनाकार. ते बरोक काळातले. त्यांच्या मृत्यूचं साल, 1750, ही बरोक काळाची अखेर मानतात." बाखच्या मृत्यूनंतर एखादं युग दुसऱ्या दिवशी सुरू झालं, असा सूर गेला तेही बरं. कालखंडांच्या हद्दीची सालं सोयीसाठी आखलेली असतात, अशा प्रत्येक सालाआधी 'सुमारे' लिहा.

'बरोक' की 'बरॉक'? दोन्ही उच्चार प्रचलित आहेत, एक ठरवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. मूळ शब्द बहुतेकांच्या मते पोर्तुगीज 'बार्रोकु', म्हणजे वेडावाकडा मोती. संगीतात तो आला टीका म्हणून : 1734 साली फ्रेंच संगीतकार रामोच्या एका ऑपेरावर नाक मुरडणाऱ्या पत्रात.

'रोमँटिक'ला मात्र एक वाक्याची टीप हवीच. मराठीत 'रोमँटिक गाणं' म्हणजे प्रेमगीत. ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टचं 1815 मधलं 'एर्लकोनिग' हे रोमँटिक गीताचं ठळक उदाहरण. त्यात बाप रात्री घोडा दौडवतो आहे आणि घरी पोचेपर्यंत कुशीतलं मूल मेलेलं आहे. प्रेमगीताचा मागमूस नाही. समीक्षेतला 'स्वच्छंदतावादी' अर्थाने जवळचा आहे, पण वर्गात सादर करताना जड जातो. टीपेत तो वापरा, शीर्षकात 'रोमँटिक कालखंड' राहू द्या. नुसतं 'रोमँटिक संगीत' टाळा. (या खोक्यांवर फार विसंबूही नका : 1810 साली जर्मन लेखक-समीक्षक हॉफमनने बेथोवनच्या पाचव्या सिम्फनीवर लिहिताना हायडन आणि मोझार्ट यांनाही रोमँटिकच म्हटलं होतं.)

गटात काम वाटून घेतलं की हमखास फसणारा शब्द म्हणजे 'रेनेसाँस', म्हणजे बरोकच्या आधीचा कालखंड. एक जण 'प्रबोधनकाळ' लिहितो, दुसरा 'पुनरुज्जीवन', तिसरा मूळ शब्द, आणि तक्ता पाहणाऱ्याला तीन कालखंड दिसतात. 'प्रबोधन' अठराव्या शतकातल्या एनलाइटनमेंटलाही (युरोपातल्या बुद्धिवादी विचारप्रवाहाला) वापरतात, आणि महाराष्ट्रात तर तो सुधारकांचा शब्द. मोझार्टच्या चौकटीत एनलाइटनमेंटचा उल्लेख येणारच असेल, तर इकडे 'रेनेसाँस' आणि तिकडे 'ज्ञानोदय' घ्या. लिहायला बसण्यापूर्वी पंधरावीस शब्दांची यादी करून सगळ्यांना द्या. शतकंही एकदा तपासा : 1788 हे अठराव्या शतकातलं साल, सतराव्या नव्हे.

भाषांतराच्या अॅपने केलेला मजकूर असेल तर 'मूव्हमेंट'ची 'चळवळ' झाली आहे का पाहा. "मोझार्टच्या 1788 मधल्या चाळीसाव्या सिम्फनीत चार चळवळी आहेत" असं छापून गेलं की वर्ग हसणार. 'चार भाग' लिहा. तसंच 'कंडक्टर'चा 'वाहक' होतो आणि एसटीत जाऊन बसतो. तिथे 'वाद्यवृंदसंचालक' हवा.

राहिलं शीर्षक. 'पाश्चात्त्य'मध्ये दोन त आहेत : पश्चात् अधिक त्य. 'दाक्षिणात्य'च्या धाटणीवर पुढे 'पाश्चिमात्य' घडला, तो बोलण्यात सर्रास चालतो. तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिताना मात्र 'पाश्चात्त्य' लिहा, आणि रंगवण्याआधी पेन्सिलीने दोन्ही त मोजा.