दोन किलोमीटरसाठी गाडी?

प्रश्न : ऑफिस घरापासून जेमतेम दोन किलोमीटर. तरी रोज गाडी काढतो. एवढ्याशा अंतराने पर्यावरणाचं असं काय बिघडणार?

उत्तर : मीही हेच म्हणायचो. पण खरी गोम त्या ‘एवढ्याशा’तच आहे. गार इंजिन जास्त पेट्रोल पितं. शिवाय धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश तापल्याशिवाय नीट कामाला लागत नाही. तो तापेपर्यंतचा धूर बराचसा तसाच बाहेर पडतो, आणि छोट्या फेरीत हाच वाटा मोठा! एक लिटर पेट्रोल जळलं की सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे पेट्रोलच्याच वजनाच्या तिप्पट. (हवेतला ऑक्सिजन त्यात भर घालतो, म्हणून.)

चालत जाऊन-येऊन पन्नासेक मिनिटं लागतील. पाच दिवसांची अडीचशे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते, तो असा परस्पर उरकतो.

मी मात्र पहिल्याच आठवड्यात कडक बुटांनी टाचेला फोड आणून घेतला. आता ते बूट ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच असतात, रस्त्यावर मऊ जोडा. मुसळधार पावसात? खुशाल गाडी काढा. मीही काढतो.