मादेरात पाण्याच्या वाटेने चाल

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला, मादेरा या अटलांटिकमधल्या पोर्तुगीज बेटाच्या सहलीचा पाच दिवसांचा तक्ता नीट वाचला. रोज चार-पाच ठिकाणं, प्रत्येकापुढे वेळ, आणि शेवटच्या दिवशी दुपारी लिस्बनचं विमान, तिथून लगेच पुढचं. ठिकाणं तू चांगली निवडली आहेस, पण हा तक्ता पाळलास तर अर्धी सुट्टी गाडीत आणि बोगद्यांत जाईल. बेट जेमतेम 57 किलोमीटर लांब आणि 22 किलोमीटर रुंद, त्यामुळे नकाशावर सगळं हाकेच्या अंतरावर वाटतं. प्रत्यक्षात मधोमध उभी डोंगररांग आहे, तिचं सर्वात उंच टोक, पिको रुइवो, 1862 मीटरवर. इतक्या कमी रुंदीत इतकी उंची म्हणजे जमीन कशी उभी असेल याचा अंदाज तूच कर. अशा ठिकाणी ठिकाणं मोजत फिरायचं नसतं.

मग फिरायचं कसं? माझं उत्तर एकच आहे: पाण्याच्या मागे जा.

जलशास्त्राच्या तासाला तू पहिल्या बाकावर बसायचीस, म्हणून तुला हे सविस्तर सांगतो. अटलांटिकवरून ईशान्येचे व्यापारी वारे वर्षाचा बराच काळ वाहतात. ते ओले वारे मादेराच्या उत्तर अंगावर आदळतात, वर चढतात, थंड होतात, आणि तिथे धुकं आणि पाऊस पडतो. रांग ओलांडून दक्षिणेला उतरेपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही. म्हणजे पाणी उत्तरेला, आणि ऊन, शेती, वस्ती, फुंशाल शहर हे सगळं दक्षिणेला. 1419 मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी इथे उतरले तेव्हा बेटावर माणसाची वस्ती नव्हती. त्यांनी दक्षिण उतारावर ऊस लावला, आणि उसाला पाणी हवं होतं. तेव्हापासून, म्हणजे 15व्या शतकापासून, डोंगराच्या अंगाने पाट कोरायला सुरुवात झाली. त्यांना तिथे लेवादा म्हणतात. आज या पाटांची एकूण लांबी दोन हजार किलोमीटरहून जास्त सांगतात, आणि बेटाचं क्षेत्रफळ आहे सुमारे 740 चौरस किलोमीटर. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघ.

हे पाट कोणी खोदले हेही विसरू नकोस. सुरुवातीच्या काळात उसाच्या मळ्यांवर आणि पाटांवर गुलाम राबले: कॅनरी बेटांवरून धरून आणलेले मूळ रहिवासी, उत्तर आफ्रिकेतले मूर, आणि पुढे आफ्रिकेच्या इतर भागांतून आणलेली माणसं. उभ्या कड्यावर दोरानं लटकून पहारीनं खडक फोडायचा, असं ते काम. तू ज्या हिरव्यागार, सुंदर वाटेवरून चालणार आहेस तिच्या कडेचा प्रत्येक दगड कुणीतरी असा बसवलेला आहे. कॅमेरा काढण्याआधी एकदा तरी त्या कड्याकडे नीट बघ, आणि इथे उभं राहायला जागा नव्हती तेव्हा पहिला घाव कुठून घातला असेल याचा विचार कर.

दोन वाटा मी तुझ्यासाठी निवडल्या आहेत. त्यासाठी तुझ्या यादीतली आठ-दहा ठिकाणं गेली तरी चालतील.

पहिली राबासालची. पॉल दा सेरा या पठारावर गाडी सोडायची आणि खाली दरीत चालत उतरायचं. तिथून 25 झऱ्यांचा म्हणून प्रसिद्ध असलेला धबधबा सगळेच बघतात, तूही बघ, पण भल्या सकाळी, कारण दहा-अकरानंतर त्या अरुंद वाटेवर रांग लागते. खरी गंमत पुढे आहे. राबासालचं हे पाणी डोंगर भेदून पलीकडे, दक्षिणेकडच्या काल्येताच्या बाजूला नेलंय. तो बोगदा सुमारे 800 मीटर लांब आहे, पाण्याशेजारून चालत जाता येतं. आत मिट्ट काळोख असतो, छतातून थेंब पडत असतात, आणि एका बाजूला पाणी तुझ्यासोबत, तुझ्याच चालीने वाहत असतं. अलीकडे ओलं जंगल, शेवाळ, धुकं, आणि पलीकडे बाहेर पडलं की बहुतेक वेळा लख्ख ऊन. बेटाच्या दोन बाजूंचा फरक वर्गात मी फळ्यावर कितीही रंगवला असता, तरी तो इथे जसा समजतो तसा समजला नसता. ही वाट जिथे सुरू होते तिथेच संपत नाही, म्हणून त्या दिवशी भाड्याची गाडी घेऊ नकोस. टॅक्सी ठरव, किंवा काल्येताकडे न्यायला येणारी एखादी गाडी आधी बोलून ठेव.

दुसरी काल्देइरांव व्हेर्दची. उत्तरेकडच्या सांताना गावाच्या वर केइमादाशचं वनउद्यान आहे, तिथून निघायचं. 18व्या शतकात फायालच्या शेतांना पाणी देण्यासाठी हा पाट काढला. जाताना साडेसहा किलोमीटर, येताना तेवढंच, आणि वाट जवळपास सपाट, कारण पाण्याला उतार फारच थोडा लागतो. ट्रेकला चढ नसला की तुम्हा मुलांना तो ट्रेकच वाटत नाही, हे मला माहीत आहे. पण इथे एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला दरी, आणि मध्ये पाऊल ठेवण्यापुरता बांध. काही ठिकाणी समोरून माणूस आला तर एकाला पाटाच्या आतल्या कडेवर चढून उभं राहावं लागतं. वाटेत चार बोगदे आहेत. मोबाइलच्या दिव्यावर विसंबू नकोस, डोक्याला बांधायचा टॉर्च ने. एक हात कायम मोकळा हवा, कारण बोगद्याचं छत मध्येच खाली येतं.

ही वाट ज्या जंगलातून जाते त्याला लॉरिसिल्वा म्हणतात. लॉरेल कुळातल्या सदाहरित झाडांचं हे रान एकेकाळी दक्षिण युरोपभर होतं. हवामान बदलत गेलं तसं तिथून ते नाहीसं झालं, आणि अटलांटिकच्या काही बेटांवर उरलं. मादेरातल्या सुमारे 15,000 हेक्टर रानाला 1999 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. झाडांच्या पानांवर, फांद्यांवरच्या शेवाळावर धुकं अडकतं, त्याचे थेंब होतात, थेंब जमिनीत मुरतात आणि खाली झऱ्यातून पाटात येतात. पाऊस नसलेल्या दिवशीही झाडाखाली उभी राहिलीस तर मान ओली होईल. झाडं तोडली तर पाट आटतील, इतका साधा हिशेब आहे तो. फानालच्या रानात जुन्या तिल वृक्षांचे (हीही लॉरेल कुळातलीच झाडं) वेडेवाकडे बुंधे बघायला जाशील तेव्हा फोटोसाठी त्यांच्या मुळांवर चढू नकोस. तिथे आता इतके पाय फिरतात की जमीन दगडासारखी घट्ट होत चालली आहे.

पाटावर एखादा माणूस गमबूट घालून, खोऱ्याने लोखंडी जाळीवरचा पाला काढताना दिसला तर थांब. तो लेवादेइरो. धुळ्याकडच्या फड या सामुदायिक सिंचन पद्धतीत पाटकरी जे काम करतो तेच तो करतो: पाट साफ ठेवायचा, फुटलेला बांध लिंपायचा, आणि ठरलेल्या पाळीप्रमाणे ज्याच्या त्याच्या शेतात पाणी सोडायचं. मादेरात पाण्याचा वाटा तासांत मोजतात. तुझ्या शेताला इतके तास, की मग पाणी अडवणारी फळी खाली. दक्षिणेकडच्या एखाद्या गावात लहान फाट्याशी बसलीस तर ही फळी जवळून दिसेल. हातभर रुंदीची, कडा झिजलेली, फटीतून पाणी गळू नये म्हणून खाली चिंध्या किंवा माती कोंबलेली. सगळ्या व्यवस्थेचं कुलूप एवढंच. ते बघायला कुठलंही तिकीट लागत नाही.

सुरक्षिततेचं आता थोडक्यात, पण हे टाळू नकोस. नोंदलेल्या बहुतेक वाटांना शुल्क आहे आणि वेळ आधी ऑनलाइन ठरवावी लागते. निघायच्या आदल्या रात्री आणि त्या सकाळी वाट उघडी आहे का ते वन खात्याच्या संकेतस्थळावर बघायचं. पावसानंतर वरून दगड सुटतात, तेव्हा वाट बंद करतात. बंदचा फलक दिसला आणि कठड्यापलीकडे दहा माणसं जाताना दिसली, तरी तू मागे फिर. अरिएरो ते रुइवो ही शिखरांवरची वाट तुझ्या यादीत पहिली आहे, पण ऑगस्ट 2024 च्या वणव्यानंतर ती बराच काळ बंद होती, म्हणून तिच्यावर सगळी सहल टांगू नकोस. ती बंद असली तरी 1818 मीटरवरच्या अरिएरोला पहाटे गाडीनं जाता येतं, आणि ढग खाली राहिले तर सूर्योदय अप्रतिम दिसतो. जाड जाकीट ने. खाली फुंशालला लोक पोहत असतात तेव्हा वर हात गारठतात.

आता ते शेवटच्या दिवसाचं विमान. ते बदल. मादेराचा विमानतळ समुद्र आणि डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आहे, आणि डोंगरावरून येणारा आडवा वारा जोरात असला की विमानं उतरत नाहीत. शेजारच्या पोर्तो सांतो बेटावर किंवा थेट लिस्बनला वळवतात. हे तिथे नित्याचं आहे. एक पूर्ण दिवस हातात ठेव. आणि दिवस मोकळा मिळालाच तर त्या धावपट्टीच्या खाली जाऊन ये, हे मी तुझ्यातल्या अभियंत्याला सांगतोय. 1964 मध्ये सुरू झालेली ती धावपट्टी जेमतेम 1600 मीटर होती. 2000 साली ती 2781 मीटर केली, आणि वाढवलेला बराचसा भाग समुद्राकाठी 180 खांबांवर उभा आहे. 2004 मध्ये त्या रचनेला जागतिक संरचना अभियंत्यांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला. खाली त्या खांबांमध्ये लोक गाड्या लावतात, खेळतात, आणि डोक्यावर विमान उतरत असतं.

राहायला सगळ्या रात्री फुंशालला घेऊ नकोस. निदान दोन रात्री उत्तरेला काढ, सांव विसेंत किंवा सेशालजवळ. पोर्तो मोनिझच्या लाव्हाच्या कुंडांत सकाळी पर्यटकांच्या बस यायच्या आत पोहता येईल, आणि सेशालच्या काळ्या वाळूवरून मागचे हिरवे कडे बघताना सुट्टी वाया गेली असं मुळीच वाटणार नाही. सांतानाची तिकोनी गवती छपरांची घरं वाटेवर आहेत, पंधरा मिनिटं पुरे. मोंतेची वेताची घसरगाडी तुला करायची असेल तर कर, पांढऱ्या कपड्यांतले ते गाडीवान फार कसबी असतात. काबो जिरांवच्या काचेच्या सज्जावर मात्र पायाखाली बघून किंचाळण्यापेक्षा खाली नजर लाव. 580 मीटर खाली, कड्याच्या पायथ्याशी, समुद्राला लागून शेताचे छोटे चौकोन दिसतील. तिथे जायला गाडीरस्ता नाही, तारेवरच्या पाळण्यातून उतरतात. वेळ असेल तर तूही उतर आणि त्या वाफ्यांच्या कडेने चाल.

खाण्याची चिंता नको. तू मासे खातेस, तेव्हा एश्पादा खा: काळाकुळीत, लांबलचक, मोठ्या डोळ्यांचा खोल समुद्रातला मासा. कामारा द लोबुशचे कोळी तो लांब दोरीला गळ लावून रात्री काढतात. ताटात तो तळलेल्या केळ्यासोबत येतो. चमत्कारिक वाटेल, पण पहिल्या दोन घासांत पटेल. तुझी मैत्रीण शाकाहारी आहे ना, तिला रताळं घातलेला बोलो दो काको हा तव्यावरचा पाव, लसणाचं लोणी लावलेला, आणि मक्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, मिल्यो फ्रितो, चालतील; फक्त त्या कशात तळल्या ते विचारून घ्या. फुंशालच्या शेतकरी बाजारात फळं घेताना भाव किलोचा की नगाचा ते वजनाआधी विचार, चाखायला दिलेल्या चमच्यावर भुलून पिशवी भरू नकोस. पोंशा हे उसाच्या दारूचं, मधाचं आणि लिंबाचं पेय समोर रवीने घुसळून देतात. गोड लागतं, म्हणून हलकं समजू नकोस, आणि त्यानंतर त्या चढांवर गाडी तर अजिबात चालवू नकोस.

मादेराची वाइन घेत असशील तर एका जुन्या तळघरात जाऊन तिची कथा ऐक, तिच्यात आपला देश येतो. भारताकडे जाणाऱ्या जहाजांवर ही पिंपं चढायची, उष्ण कटिबंध दोनदा ओलांडून परत यायची, आणि त्या उष्णतेत वाइन बिघडण्याऐवजी सुधारते असं व्यापाऱ्यांच्या ध्यानात आलं. पुढे जहाजाचा प्रवास सुटला, पण उष्णता राहिली. उत्तम वाइनची पिंपं आजही माळ्यावर, छपराच्या उबेत, वर्षानुवर्षं ठेवतात. ज्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत ती द्राक्षं होतात तिथल्या उतारांवरही पाट फिरलेले आहेत.

तक्ता नव्याने केलास की पाठव. आणि एक काम माझ्यासाठी कर. लेवादेइरो भेटला तर मोबाइलवर भाषांतर करून त्याला विचार की उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की सगळ्यांचे तास सारखे कापतात, की पाटाच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला आधी देतात? आपल्याकडे शेपटाला पाणी पोचत नाही हीच कायमची तक्रार असते. त्या गावात ते काय करतात, हे तिथल्याच माणसाच्या तोंडून कळलेलं मला हवं आहे. जमलं तर त्याच्या पाळीच्या वहीचं एक पान, त्याची परवानगी घेऊन, टिपून आण.

तुझे,
सर