चार तास व्हिडिओ बघतो, तरी मार्क का नाहीत?

(ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

कर्वेनगरहून आलेल्या त्या ताई खुर्चीवर टेकायच्या आधीच बोलू लागल्या. "मॅडम, हा रोज चार तास मोबाईलवर अभ्यासाचे व्हिडिओ बघतो. खरंच अभ्यासाचेच, मी तपासलंय. तरी सहामाहीला विज्ञानात चाळीसपैकी चौदा. मोबाईल काढून घेऊ का?"

त्यांचा दहावीतला मुलगा मान खाली घालून बसला होता. 'एवढं करूनही जमत नाही, म्हणजे मीच ढ' असं त्यानं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. मला काळजी मोबाईलपेक्षा त्याची वाटली.

काल काय बघितलंस, असं विचारलं. भिंगांचा धडा. समजला? "हो, पूर्ण." मी कोरा कागद पुढे केला. "वस्तू नाभी आणि भिंगाच्या मध्ये आहे. बहिर्वक्र भिंगानं प्रतिमा कुठे पडेल, काढून दाखव." त्यानं भिंग काढलं, बाण काढला, पहिला किरण काढला आणि पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. "मॅडम, बघताना येत होतं."

हे वाक्य मी इतक्या मुलांकडून ऐकलंय! शिकवणारा छान शिकवतो, सगळं ओघानं पटत जातं आणि त्या पटण्यालाच आपण येणं समजतो. कार्पिक आणि रोडिगर या मानसशास्त्रज्ञांचा २००८ सालचा एक प्रयोग मी त्याला सांगितला. विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द अर्थासकट पाठ करायला दिले होते. शब्द एकदा आठवल्यावर काहींनी तो नुसता पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी पुन्हा पुन्हा न बघता आठवून पाहिला. आठवड्यानंतर आठवणाऱ्यांना सुमारे ८० टक्के शब्द आले, वाचणाऱ्यांना ४० टक्केही नाहीत. आणि किती लक्षात राहील याचा आधी अंदाज विचारला, तेव्हा सगळ्यांचं उत्तर जवळपास सारखंच होतं, निम्मे. म्हणजे आपली चूक आपल्याला आतून जाणवतच नाही. मुलानं पहिल्यांदा मान वर केली.

मोबाईल काढून घेऊ नका, असं मी ताईंना स्पष्ट सांगितलं. चांगलं शिकवणारं माणूस घरबसल्या मिळतंय, ते का सोडायचं? फक्त व्हिडिओ दहा मिनिटांचा आणि हातात पेन. गणित सोडवायला घेतलं की थांबवायचं, आधी आपण सोडवायचं, मग त्यांचं बघायचं. संपलं की मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. दोन दिवसांनी पुन्हा, न बघता. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेलं 'फेट' हे संकेतस्थळ मोफत आहे, त्यातली बरीच सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, मराठीतही आहेत. त्यात भिंगासमोरची वस्तू बोटानं सरकवता येते. पण आधी वहीत अंदाज लिहायचा, मगच सरकवायची. नाहीतर तोही एक व्हिडिओच होतो.

"मला विज्ञान येत नाही, मी काय करू?" ताईंनी विचारलं. पोळ्या करताना त्याच्याकडून समजून घ्या, म्हटलं. न कळलेलं बिनधास्त विचारा.

तीन आठवड्यांनी दोघं पुन्हा आले. वहीत खोडलेल्या आकृत्याच जास्त होत्या, मला त्या फार आवडल्या. पहिला आठवडा चिडचिडीत गेला, व्हिडिओ निम्मेच झाले, इतिहासाचे अजून नुसते बघतो, हे त्यानं स्वतःहून सांगितलं.

मग ताई म्हणाल्या, "मी याला विचारलं, भिंग अर्धं झाकलं तर चित्रही अर्धंच पडेल का?" तो ठामपणे 'अर्धंच' म्हणाला होता. आई म्हणाली, दाखव. त्यानं आजोबांचं वाचायचं भिंग आणलं, समोरच्या भिंतीवर खिडकीची उलटी प्रतिमा पाडली आणि अर्ध्या भिंगावर पुठ्ठा धरला.

"मॅडम, खिडकी पूर्ण दिसत होती! फक्त अंधूक झाली," तो म्हणाला आणि मी न मागताच टेबलावरचा कागद ओढून किरण काढायला लागला.