वाचकांचे प्रश्न : बंब टाकायचा की ठेवायचा?

या महिन्यात पसाऱ्याविषयीची तीन पत्रे एकदम हाती आली, एक ठाण्याहून, एक नवी मुंबईतून आणि एक पुण्याहून. दसरा-दिवाळीच्या आवराआवरीचे दिवस तोंडावर आल्यामुळे हा विषय घरोघरी निघतच असेल, म्हणून तिन्ही पत्रे एकत्र घेत आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी ५२ वर्षांची असून बँकेत नोकरी करते. नौपाड्यातली आमची पन्नास वर्षांची इमारत दिवाळीनंतर पुनर्विकासासाठी रिकामी करायची आहे. साडेपाचशे चौरस फुटांच्या घरात आम्ही दोघे, मुलगी आणि ७९ वर्षांच्या सासूबाई राहतो. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर तांब्याचा बंब, घंगाळ, पितळी डबे, बंद पडलेला मिक्सर, मुलीचा पाळणा आणि कशाकशाची खोकी आहेत. दिवाणाच्या पोटात गोधड्या आणि सासऱ्यांचे कपडे आहेत. संध्याकाळी लोकलच्या गर्दीतून सुटून घराचे दार उघडले की हायसे वाटण्याऐवजी छातीवर दडपण येते. गणपतीच्या आधी, सासूबाई देवळात गेलेल्या असताना, मी तीन पिशव्या भंगारवाल्याला दिल्या. त्यांना ते कळले आणि चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. यजमान म्हणतात, ‘सगळे देऊन टाक, नव्या घरात नवे घेऊ.’ घर आवरल्याने मन खरोखर हलके होते का? आणि सासूबाईंच्या वस्तूंचे मी काय करावे?

उत्तर : दार उघडताच तुम्हाला जाणवणारे दडपण खरे आहे आणि त्याचा अभ्यासही झालेला आहे. लॉस एंजेलिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डार्बी सॅक्सबी आणि रीना रेपेट्टी या संशोधिकांनी, दोघेही नोकरी करत असलेल्या जोडप्यांना आपापले घर कॅमेऱ्यासमोर फिरून दाखवायला सांगितले आणि त्यांच्या बोलण्यातले शब्द तपासले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की ज्या स्त्रियांच्या वर्णनात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामे यांचा उल्लेख अधिक होता, त्यांच्या शरीरातील कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक सकाळपासून संध्याकाळपर्यंत जसे उतरत जायला हवे तसे उतरत नव्हते आणि दिवस सरताना त्यांचे मनही अधिक खिन्न होत होते. आवरण्याची जबाबदारी आपलीच आहे असे जिने मनाशी धरलेले असते, तिला प्रत्येक खोक्यात एक न झालेले काम दिसते, असा याचा अर्थ मी लावते. मात्र या अभ्यासाने दोन गोष्टी बरोबरीने आढळतात एवढेच दाखवले. पसाऱ्यामुळे थकवा येतो की थकलेल्या मनाला पसारा अधिक जाणवतो, हे त्यावरून ठरत नाही. त्यामुळे माळा रिकामा झाला की मन हलके होईलच, असे आश्वासन मी तुम्हाला देणार नाही. तरीही घर आवरावे असे मला मनापासून वाटते.

तुमच्या माळ्यावर जे साठले आहे ते बहुतांशी ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून पुढे ढकललेल्या निर्णयांचे आहे. मिक्सर दुरुस्त करायचा की नाही, पाळणा कोणाला द्यायचा, सासऱ्यांच्या कपड्यांचे काय करायचे, हे कोणी ठरवलेच नाही. म्हणून ते सगळे रोज तुमच्या डोळ्यांसमोर ठरवण्याची वाट पाहत पडून असते. आवरण्याने बरे वाटते ते बऱ्याच अंशी हे निर्णय मार्गी लागल्यामुळे, असा माझा समुपदेशनातला अनुभव आहे. आणि नेमक्या याच कारणामुळे, दुसऱ्याच्या वस्तूचा निर्णय त्याच्या अपरोक्ष घेतला की एकाचे ओझे उतरते आणि दुसऱ्याला जखम होते. त्या तीन पिशव्यांमध्ये काय होते हे तुम्ही लिहिलेले नाही. कदाचित त्यात खरोखरच फुटके डबे असतील. पण पतीच्या मागे दोन वर्षे ज्या घरात आपण राहतो, तिथून वस्तू आपल्याला न विचारता जाऊ लागल्या, ही गोष्ट सासूबाईंना डब्यांपेक्षा अधिक लागली असणार. तेव्हा पहिले काम म्हणजे त्यांच्यापाशी बसून, ‘आई, मी तुम्हाला विचारायला हवे होते, ते चुकले,’ एवढे स्पष्ट म्हणणे. त्याला जोडून इमारत रिकामी करण्याची तारीख सांगू नका, तो विषय दुसऱ्या दिवशी काढा.

त्यानंतर सुरुवात स्वतःच्या वस्तूंपासून करा. तुमचे कपाट, तुमच्या न नेसलेल्या साड्या, यजमानांच्या जुन्या चार्जरांचा खण आणि मुलीची शाळेची दप्तरे आधी निघाली, तर घरात सगळ्यांचेच सामान कमी होते आहे हे सासूबाईंना दिसेल. आपल्या मालकीच्या वस्तूचे मोल आपल्याला अधिक वाटते, हे केवळ म्हाताऱ्या माणसांचे वैशिष्ट्य नव्हे. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग देण्यात आले होते. ज्यांना मग मिळाला त्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत ही, तो घेऊ इच्छिणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. काही मिनिटांच्या मालकीने एवढा फरक पडत असेल, तर संसाराच्या पहिल्या वर्षापासून जवळ असलेल्या घंगाळाचे काय होत असेल याचा विचार करा.

सासूबाईंबरोबर बसताना एका वेळी एकच खोके खाली काढा आणि दुपारच्या चहानंतर पाऊण तासापेक्षा अधिक बसू नका. ‘ठेवायचे की टाकायचे?’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारू नका, ‘हे कुठून आले?’ असे विचारा. हे मी स्वतःच्या घरात शिकले. आमच्या ठाण्यातल्या जुन्या घरी दाराआड लोखंडी तारेचा एक आकडा टांगलेला होता आणि त्यात वडिलांनी भरलेल्या विजेच्या बिलांची वीतभर जाडीची चळत ओवलेली होती. प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात ‘भरले’ आणि खाली तारीख. तळाची बिले गंजाने तांबूस झाली होती आणि त्यातल्या एकाच्या पाठीमागे आईने वाण्याचा हिशेब मांडला होता : तूरडाळ, गूळ, खोबरेल, काड्यापेट्या. वडील गेल्यानंतर ती चळत टाकायला आईने साफ नकार दिला आणि पुढची सात वर्षे मी तो विषय काढला की ती उठून आत जाई. मग एका दुपारी आम्ही दोघींनी ती तारेतून सोडवली आणि बिले एकेक करून पाहिली. दोन तासांनी तिने हिशेबाचे ते एक बिल देवघराच्या खणात ठेवले आणि बाकीची स्वतःच्या हाताने रद्दीत घातली. ती बिले तिला जपायची नव्हती, कोणाबरोबर तरी एकदा पाहायची होती, हे मला त्या दिवशी कळले.

वस्तू कुठे जाणार हे कळले की सोडणेही सोपे जाते. जुन्या कपड्यांवर भांडे देणारी बोहारीण दारात बसून प्रत्येक साडीचा काठ चाचपून पाही. घासाघीस बराच वेळ चाले, पण आपल्या वस्तूला कोणीतरी पारखले हे समाधान त्यात होते. आता ती क्वचितच येते. त्यामुळे पाळणा नात्यातल्या कोणाला हवा आहे का, सासऱ्यांचे चांगले सदरे इमारतीच्या रखवालदाराला चालतील का, हे सासूबाईंनाच विचारू द्या आणि शक्य झाल्यास त्यांनाच देऊ द्या. मिक्सर, चार्जर आणि जुने फोन भंगारात न घालता ई-कचरा म्हणून अधिकृत संकलकाकडे द्यावेत. मुदत संपलेली औषधेही नेहमीच्या कचऱ्यात मिसळू नयेत. कागदांच्या बाबतीत मात्र घाई करू नका. घराचा नोंदणीकृत करार, शेअर सर्टिफिकेट, मुद्रांक शुल्काची पावती, सासऱ्यांचा मृत्यूदाखला आणि नामनिर्देशनाचे कागद पुनर्विकासाच्या वेळी लागू शकतात, म्हणून सगळी खोकी तपासून ते एका फाइलमध्ये लावल्याशिवाय एकही गठ्ठा रद्दीवाल्याला देऊ नये.

यजमानांना एक गोष्ट दाखवून द्या. तुमचे सामान दोनदा हलणार आहे, आधी भाड्याच्या घरात आणि काही वर्षांनी नव्या घरात. म्हणून कमी करणे आवश्यक आहे, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. ‘नवे घेऊ’ हे मात्र सासूबाईंसमोर बोलण्याचे वाक्य नाही. राहिला बंब. तो आज खाली काढा, राखेने किंवा चिंचेने घासा, टेप लावून मोजा आणि नव्या घराच्या आराखड्यात त्याला कुठे जागा होते ते सासूबाईंना दाखवा. त्यांना हवा असेल तर तो न्यावा, असे माझे मत आहे.

प्रश्न : मी ३१ वर्षांचा असून नेरूळला एकटा राहतो. आवराआवरीचे व्हिडिओ पाहून मी दोन शनिवार-रविवारांत घर जवळजवळ रिकामे केले. आठवडाभर फार छान वाटले. आता पुन्हा अस्वस्थ वाटते, झोप लागत नाही, आणि मी रात्री उठून कपाट नव्याने लावत बसतो. कॉलेजच्या वह्या टाकल्याचा पश्चात्तापही होतो. माझे काय चुकते आहे?

उत्तर : तुमचे घर आवरून झालेले आहे, तेव्हा त्यातून आणखी काही काढून उपयोग होईल असे मला वाटत नाही. अस्वस्थ माणसाला आपल्या हातात काहीतरी आहे असे वाटणे गरजेचे असते आणि कपाट ही हातात राहणारी गोष्ट आहे. नोकरीतली अनिश्चितता, एकटेपणा, तुटलेले नाते अशा गोष्टी मात्र घड्या घालून रचता येत नाहीत. त्यामुळे आवरल्याचा दिलासा येतो आणि ओसरतो. पत्रात तुम्ही घराविषयी पुष्कळ लिहिले आहे, पण कोणाशी बोलता, शेवटचे मित्राकडे कधी गेला होता, यांविषयी एक ओळही नाही. माझे लक्ष तिकडे गेले.

रात्री जाग आल्यावर कपाट उघडायचे नाही, एवढा एकच नियम आठवडाभर पाळा आणि त्या वेळी मनात काय चालले आहे ते कागदावर उतरवा. उदास वाटणे, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे हे दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज होत असेल, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवे. केंद्र सरकारची टेलिमानस ही निःशुल्क सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास बोलता येते. मराठीतही बोलता येते. वह्यांविषयी हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. त्यातला एखादा विषय अजूनही आवडत असेल, तर त्या विषयातला जुना वर्गमित्र गाठा.

प्रश्न : माझे ७१ वर्षांचे वडील वाशीला सिडकोच्या जुन्या घरात एकटे राहतात. आई चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून वर्तमानपत्रे, दुधाच्या पिशव्या आणि रिकामी खोकी इतकी साठली आहेत की आत जायला वितीएवढी वाट उरली आहे आणि स्नानगृह वापरता येत नाही. मी पुण्यात असतो. त्यांना महिनाभर माझ्याकडे आणून, मागे माणसे लावून घर रिकामे करावे असा विचार आहे.

उत्तर : असे करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. घर भरून वापरण्याजोगे न राहणे आणि निरुपयोगी वस्तूही सोडताना अतोनात त्रास होणे याला संचय विकृती म्हणतात. अमेरिकी मनोविकार संघटनेने २०१३ मध्ये तिला स्वतंत्र आजार म्हणून स्थान दिले आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही ती आहे. हा आळस किंवा हट्ट नव्हे. अशा माणसाचे घर परस्पर रिकामे केले तर त्याला जबर धक्का बसतो, आपल्या माणसांवरचा विश्वास जातो आणि घर बहुधा पुन्हा भरते. शिवाय तुमच्या वडिलांचे हे वागणे आई गेल्यानंतर सुरू झाले असल्यामुळे शोक, नैराश्य किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवात यांपैकी काही आहे का, हे आधी तपासून घ्यायला हवे. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. जवळच्या खासगी मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवता येईल. ‘घर आवरण्यासाठी’ असे न म्हणता, ‘झोप आणि आठवण तपासून घेऊ’ असे म्हटल्यास वडील तयार होण्याची शक्यता अधिक आहे.

उपचार सुरू होईपर्यंत फक्त सुरक्षिततेपुरते मागा. येत्या रविवारी वाशीला जा, त्यांच्या हातचा चहा घ्या आणि त्यांच्या परवानगीने शेगडीच्या आसपासचे कागद तेवढे हलवा, टाकू नका, दुसऱ्या खोलीत ठेवा. त्याच्या पुढच्या खेपेला स्नानगृहाची वाट.