रेसलमेनिया ३५ मधली बायकांची शेवटची मॅच खरंच फसली होती का? पूर्ण शो आता बघावा का?

खांदा उचलला होता. एवढंच उत्तर हवं असेल तर इथेच थांबा. रेसलमेनिया म्हणजे WWE या अमेरिकन कुस्ती-कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा शो, आणि तिथे दोन्ही खांदे मॅटला टेकलेले असताना पंचाच्या तीन थापा पडल्या की मॅच संपते. इथे पंचाची तिसरी थाप पडायच्या आत रोंडा राउझीचा खांदा मॅटवरून उठला होता. पंचाने तरीही तीन मोजले आणि बेकी लिंच जिंकली. क्लिप हजार वेळा फिरली आहे, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. पण प्रश्नाखाली तुम्ही जे लिहिलंय, की 'सगळे म्हणतात बायकांना मेन इव्हेंट (शोची शेवटची, मानाची मॅच) दिला आणि त्यांनी तो घालवला', त्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. हे म्हणणाऱ्यांतला एक माझा सख्खा भाऊ आहे.

आमच्या सांगलीच्या घरी टीव्ही एकच होता आणि रिमोट दादाकडे. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. टेन स्पोर्ट्सवर रॉ नाहीतर स्मॅकडाउन, WWE चे दर आठवड्याचे शो, लागले की गल्लीतली पाच-सहा पोरं आमच्याकडे जमायची. मला त्यांच्यात बसू द्यायचे, कारण कोणाचा फिनिशर (मॅच संपवणारा ठरलेला डाव) कोणता, कोण कोणाशी कधी हरला, हे सगळं मला तोंडपाठ असायचं आणि पैजा लागल्या की निकाल द्यायला मीच लागायचे. पण ट्रिश स्ट्रॅटस किंवा लिटा या बायका पैलवानांचं म्युझिक वाजलं की दादा माझ्याकडे न बघता म्हणायचा, "तुमची मॅच लागली. जा, च्या टाक." मी उठायचे. सहा जणांचा चहा ठेवायचा, गाळायचा, ट्रे घेऊन बाहेर यायचं, तोवर मॅच संपलेली असायची. तेव्हा बायकांच्या मॅचेस असायच्याच तेवढ्या, चहाला उकळी फुटेपर्यंतच्या.

६ डिसेंबर २००४ च्या रॉमध्ये ट्रिश आणि लिटाची मॅच सगळ्यात शेवटी ठेवली होती, मेन इव्हेंट म्हणून. लिटाने दोरांमधून बाहेर उडी घेतली आणि ती थेट मानेवर पडली. बघताना आपलीच मान आखडते. त्यानंतरही तिने मॅच पूर्ण केली आणि बेल्ट, म्हणजे चॅम्पियनचा पट्टा, जिंकला. आपल्याकडे ती लागली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. मी ती पाहिली बारा वर्षांनी, मोबाईलवर, पुण्यात, नवरा झोपल्यावर, आवाज बंद करून.

मधला इतिहास तुम्हाला माहीत असणार, म्हणून थोडक्यात. फेब्रुवारी २०१५ मध्ये रॉवर बायकांची एक टॅग मॅच (दोघी विरुद्ध दोघी) अर्ध्या मिनिटात उरकली आणि प्रेक्षकच भडकले. मग बायका पैलवानांसाठी कंपनी वापरायची तो 'दिवा' (Diva) हा शब्द गेला, २०१६ च्या रेसलमेनियात नवा विमेन्स बेल्ट आला, २०१८ च्या जानेवारीत पहिली विमेन्स रॉयल रंबल, एकामागून एक रिंगमध्ये उतरायची मोठी मॅच, झाली. आणि १२ नोव्हेंबर २०१८ ला रॉमध्ये झालेल्या हाणामारीत निया जॅक्सचा ठोसा बेकीच्या तोंडावर खरोखरचा बसला. नाक फुटलं, डोक्याला मार बसला. रक्ताने माखलेल्या तोंडानं ती वर प्रेक्षकांत उभी राहून हात पसरते, ते चित्र पाहिलं नसेल तर आधी ते बघा. काही महिन्यांपूर्वी तिला खलनायिका करायला काढलं होतं, लोकांनी ऐकलं नाही. त्या ठोशानंतर तर प्रश्नच उरला नाही. रेसलमेनियाचा शेवट तिचाच असणार हे लोकांनी ठरवून टाकलं.

आता ती सकाळ. रेसलमेनिया ३५ न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये ७ एप्रिल २०१९ ला रविवारी संध्याकाळी झाला, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेचारला. शनिवारी पाडवा होता, त्यासाठी मी माहेरी आले होते आणि सोमवारची रजा मुद्दाम काढली होती. दादाही उठला होता. मॅट्रेस ओढून आम्ही दोघं टीव्हीसमोर, बारीक आवाज, बाकी घर झोपलेलं. लहानपणी कधी नव्हती तेवढी त्या पहाटे आमची गट्टी होती, हे मला लिहिलं पाहिजे.

ब्रॉक लेस्नरच्या वतीनं बोलणारा पॉल हेमन सुरुवातीलाच बाहेर आला आणि म्हणाला की आम्ही मेन इव्हेंट नसू तर आम्ही कशाला थांबू, मॅच आत्ताच घ्या. आणि ब्रॉक लेस्नर पहिल्याच मॅचमध्ये सेथ रॉलिन्सकडून हरला. दादाचा लेस्नर. दादा गप्प झाला. मग म्हणाला, "लेस्नरला पहिला टाकला आणि बायकांना शेवटी. बघ आता काय होतंय."

कोफी किंग्स्टनच्या मॅचला तो परत खुलला. कोफी घानात जन्मलेला, अकरा वर्षं कंपनीत राबलेला, कधी वर न चढवलेला, आणि समोर डॅनियल ब्रायन, जो हरताना समोरच्याला डोंगराएवढा करतो. ही मॅच तुम्ही बघाच. कोफीची पोरं रिंगमध्ये आली तेव्हा दादानं डोळे पुसले, मी पाहिलं. रोमन रेन्स रक्ताच्या कर्करोगातून परत येऊन जिंकला. बटिस्टा आणि ट्रिपल एचची मॅच लांबतच गेली. आणि कर्ट अँगलसारख्या ऑलिम्पिक सुवर्णवाल्या माणसाच्या निरोपाच्या मॅचला समोर बॅरन कॉर्बिन देणं हा त्या रात्रीचा खरा गुन्हा होता. त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही.

नऊ वाजले. दादानं आंघोळ केली, शर्ट घातला आणि दुकान उघडायला निघाला. मी म्हटलं, "अरे, मेन इव्हेंट राहिलाय." तो चपला घालत म्हणाला, "आता काय उरलंय?"

साडेनऊच्या सुमारास मॅच लागली. तिथे न्यू जर्सीत मध्यरात्र झाली होती, प्री-शो धरून लोक सात तास बसून होते. आई देवपूजा आटोपून आली आणि पदराला हात पुसत माझ्याशेजारी बसली. आयुष्यात पहिल्यांदा. शार्लट फ्लेअर हेलिकॉप्टरमधून उतरली, रोंडासाठी जोन जेटनं स्वतः उभं राहून गाणं म्हटलं, आणि बेकी नुसती चालत आली. आई म्हणाली, "चालत आली ती आपली का गं?"

माझ्या आईचे वडील पैलवान होते. जत्रेच्या मैदानात बायका जात नसत, म्हणून लहानपणी तिनं कुस्त्या पाहिल्या त्या शेजारच्या माडीवरून. तिला डाव कळतात. रोंडा ज्युदोतली, २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकची कांस्यपदकवाली, तिनं हात पकडला की आई लगेच "आता खांदा जाणार" म्हणायची. शेवटी रोंडानं बेकीला उचललं, बेकीनं तिच्याच अंगावरून वळसा घेतला, हात अडकवले आणि तिला खाली घेतलं. उचलणाऱ्याचं बळ त्याच्यावरच उलटवायचं, हे मातीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आई "वा!" म्हणाली. आणि दुसऱ्या श्वासाला म्हणाली, "पण खांदा कुठं टेकला तिचा? ही कुस्ती न्हाई झाली."

मला राग आला. आईवर नाही. वीस मिनिटं तिघी जीव ओतून लढल्या, रोंडाच्या हाताचं हाड मोडलं होतं, आणि लोकांच्या लक्षात राहणार तो अर्ध्या सेकंदाचा खांदा, हे मला तिथंच कळून चुकलं. आईचं म्हणणं बरोबरच होतं. मैदानात असं झालं असतं तर पब्लिकनं निकाल मान्य केला नसता. पण आईनं मॅच पाहिली होती. संध्याकाळी सहाला, मी पुण्याच्या गाडीत असताना, दादाचा फोन आला. त्यानं मॅच पाहिली नव्हती, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली दहा सेकंदांची क्लिप पाहिली होती. "बघितलंस? एक संधी दिली आणि शेवट घालवला."

आता माझं ऐका. ३० मार्च २००३, सिएटल, रेसलमेनिया १९. मेन इव्हेंट, कर्ट अँगल विरुद्ध ब्रॉक लेस्नर. लेस्नर वरच्या दोरावर चढला, उलटी कोलांटी मारून अँगलवर पडायला गेला, अंतर कमी पडलं आणि तो डोक्यावर आदळला. त्याला धड भान नव्हतं, मॅच कशीबशी संपवली. चूकच होती. हीच गोष्ट आमच्या गल्लीत दादा किती वर्षं सांगायचा? "मान मोडली असती गड्याची, तरी जिंकला, ह्याला म्हणतात पैलवान." पुरुष चुकला की ते धाडस होतं. बाईचा अर्धा सेकंद चुकला तर तो सगळ्या बायकांनी मिळून घालवलेला मेन इव्हेंट! आणि लिटा मानेवर पडली होती तेव्हा हाच माणूस चहाची वाट बघत होता.

निकाल आधी ठरलेला असतो हे आम्हालाही दहाव्या वर्षापासून माहीत आहे. ठरलेला असतो म्हणूनच शेवटचा खांदा नीट टेकवणं महत्त्वाचं असतं, हेही मान्य. पण ती मॅच शेवटी लागली, आणि जाहीर आकड्याप्रमाणे ८२,२६५ लोकांपुढे लागली. आजवरच्या ३५ रेसलमेनियांत बायकांची मॅच शेवटी, पहिल्यांदा. तीन मोजताना काय झालं त्यावरून ही गोष्ट पुसली जात नाही.

मार्च २०२३ मध्ये आमच्या सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. पुरुषांची स्पर्धा १९६१ पासून चालू आहे, हिशेब तुम्हीच करा. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली आणि दादानं तिचा फोटो स्टेटसला ठेवला, 'आपली पोरगी' लिहून. मी त्याला फोन केला आणि विचारलं, हिच्या कुस्तीला चहा टाकला होतास का? तो म्हणाला, ही खरी कुस्ती आहे, ते वेगळं. मी म्हटलं, मग लेस्नरची कोणती होती? त्यावर त्यानं विषय बदलला.

दादा वाईट माणूस नाही, हे सांगायचं राहिलं. त्या सोमवारी दुपारी दुकान बंद करून मला स्टेशनवर सोडायला तोच आला होता. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर मॅच म्हणून ती त्या तिघींचीही सर्वोत्तम नाही. शार्लटला त्यात घालायचीच गरज नव्हती. त्यासाठी बारा दिवस आधी असुका या दुसऱ्या चॅम्पियनचा बेल्ट काढून तिला दिला, तो असुकावर अन्याय होता. बेकी आणि रोंडा, दोघीच हव्या होत्या. लोक थकले होते, ते ऐकू येतं.

तुमचा दुसरा प्रश्न, पूर्ण शो बघावा का. नको. सात तास कोणाकडे आहेत? आधी १२ नोव्हेंबर २०१८ च्या रॉचा शेवट बघा. मग २८ ऑक्टोबर २०१८ चा इव्होल्यूशन, बायकांचा पहिला स्वतंत्र पे-पर-व्ह्यू (पैसे भरून बघायचा मोठा शो), त्यातली बेकी-शार्लटची लास्ट वुमन स्टँडिंग मॅच, म्हणजे दहा मोजेपर्यंत जिला उठता येत नाही ती हरते. रेसलमेनियाच्या मेन इव्हेंटपेक्षा ती सरस आहे. मग रेसलमेनिया ३५ मधला कोफी-ब्रायन, आणि मग शेवटची मॅच, तिघींच्या एंट्रीपासून, न पळवता. चहा आधीच करून घ्या.